ऊसतोडीचा प्रश्न विधिमंडळात कसा पोहोचतो

जून 2019 च्या पावसाळी अधिवेशनात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीचा प्रश्न विधान परिषदेत आला. त्याआधी दोन-एक महिने वृत्तपत्रांतून बातम्या येत होत्या. ऐन तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या जातात, हे गावातल्या बायकांना कितीतरी वर्षांपासून ठाऊक होतं. सरकारी दप्तरात मात्र त्याची एकत्रित नोंद कुठेच नव्हती. आमदार नीलम गोऱ्हे यांनी प्रश्न विचारला आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांना उत्तर द्यावं लागलं: तीन वर्षांत जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत मिळून 4,605 शस्त्रक्रिया. आकडा सभागृहात बोलला गेला म्हणजे तो कामकाजाच्या नोंदीत गेला, आणि तिथून तो मागे घेता येत नाही.

पुढे गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांत एक. खासगी रुग्णालयांनी अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची, असा दंडक बीडमध्ये बसला. या साऱ्यात नवा कायदा एकही झाला नाही, तरी एका प्रश्नामुळे प्रशासन हललं. कुटुंबांनी सरकारवर दबाव आणायचा तो कायदे करवून घेऊनच, असा एक समज आहे. प्रत्यक्षात विधिमंडळात वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी दारं आहेत. कुठल्या कामाला कुठलं दार वाजवायचं, ते आधी नीट समजून घ्यावं लागतं.

आपलं काम कुठल्या कागदावर आहे?

ऊसतोड कुटुंबाचं आयुष्य चार वेगवेगळ्या कागदांवर बांधलेलं आहे आणि हे कागद चार वेगळ्या ठिकाणी तयार होतात. गल्लत इथेच होते. तोडणीचा दर हवा असतो आणि मोर्चा जातो तहसीलवर!

पहिला कागद करार. तोडणीचा दर कायद्याने ठरत नाही. तो राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि कामगारांच्या संघटना यांच्यातल्या कराराने ठरतो. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत झालेल्या बैठकीत 34 टक्के वाढ ठरली, ती अशीच. करार सहसा तीन वर्षांचा असतो आणि मुदत संपली की पुन्हा संप, पुन्हा बैठका. विधानसभेत त्यावर भाषणं होतात, पण दर ठरवण्याची जागा ती नाही.

दुसरा कागद शासन निर्णय, म्हणजे सगळे ज्याला जीआर म्हणतात तो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये आणि तेवढेच शासनाचे, ग्रामसेवकाने द्यायचं ओळखपत्र, 2021 मध्ये मंजूर झालेली 41 तालुक्यांतली 82 संत भगवानबाबा वसतिगृहं, हे सगळं मंत्रिमंडळाच्या आणि विभागाच्या निर्णयांतून आलेलं आहे. जीआर एका सहीने निघतो आणि दुसऱ्या सहीने बदलतो. त्यासाठी सभागृहात मतदान लागत नाही.

तिसरा कागद कायदा. योजना आणि कायदा यांतला फरक मराठवाड्याला वेगळा समजावून सांगायला नको. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, ती योजना म्हणून. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि त्यानंतर काम मागणं हा हक्क झाला. तसंच हमालांचं. 1969 च्या माथाडी कायद्याने त्यांना मंडळ दिलं, मालकांवर लेव्ही बसवली, भविष्यनिर्वाह निधी दिला. तेही एका मालकाकडे कायम नसणारे, टोळीने काम करणारे कष्टकरीच होते. ऊसतोड कामगारांसाठी तसा स्वतंत्र कायदा करा, ही मागणी म्हणूनच जुनी आहे. माझ्या मते सगळ्या मागण्यांत हीच मूळ मागणी आहे. महामंडळाला यंदा पैसे किती, हे दर मार्चला विचारावं लागतं ते कायदा नाही म्हणून.

चौथा कागद सगळ्यांत दुर्लक्षित: कायद्याखालचे नियम. नियम विभाग करतो आणि राजपत्रात छापतो. फेब्रुवारी 2024 मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या राज्य नियमांत एक बदल झाला. सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळांना 25 टक्के राखीव जागांतून सूट मिळाली. विधेयक नाही, चर्चा नाही, एक अधिसूचना. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेले, मे महिन्यात स्थगिती आली आणि 19 जुलै 2024 रोजी न्यायालयाने तो बदल रद्द केला. फक्त विधेयकांवर डोळा ठेवला असता तर हा बदल कुणाच्या लक्षातही आला नसता.

कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा 1979 चा कायदा केंद्राचा होता. बीडचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, बेळगावच्या कारखान्याला गेला तर तो आंतरराज्य स्थलांतरित, आणि त्याच टोळीतला भाऊ कोल्हापूरला गेला तर नाही, कारण राज्याची हद्द ओलांडली नाही. आता केंद्राच्या कामगार संहिता आल्या आहेत. पण राज्यापुरते नियम राज्य सरकारच करतं, आणि असे नियम करताना मसुदा आधी प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. हरकत कुठल्या पत्त्यावर आणि कधीपर्यंत पाठवायची, ते मसुद्यातच लिहिलेलं असतं. साध्या कागदावर, मराठीत, चार ओळींत पाठवलेली हरकतही हरकतच असते.

कागद वाचायचा कसा

जीआर राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून शोधता येतो. घरातली बारावीची पोरगी मोबाइलवर हे सहज करते. ऊसतोडीचे बहुतेक निर्णय सामाजिक न्याय विभागाचे, वसतिगृहांचेही तिथेच. शाळेचे शालेय शिक्षण विभागाचे, आरोग्याचे सार्वजनिक आरोग्य विभागाचे. हाती आलेला जीआर खरा की व्हॉट्सअ‍ॅपवरचा, हे ओळखायला शेवटच्या परिच्छेदात संकेतांक असतो. तो लांबलचक आकडा संकेतस्थळावर टाकला की मूळ प्रत निघते.

जीआरच्या सुरुवातीला ‘वाचा’ असं लिहून जुन्या निर्णयांची यादी दिलेली असते. लोक ती सोडून देतात, पण खरी वंशावळ तिथेच असते. आधी काय कबूल केलं होतं आणि आता काय गाळलं, ते या यादीतले जुने निर्णय काढून शेजारी ठेवले की कळतं. मग पैशाची ओळ शोधायची: खर्च कुठल्या मागणी क्रमांकाखाली, कुठल्या लेखाशीर्षाखाली. ती ओळ नसेल तर निर्णय चांगला आहे, एवढंच म्हणता येतं.

विधेयक वाचताना उलटीकडून सुरुवात करावी. शेवटच्या पानांवर ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. हे विधेयक का आणलं, ते त्यात साध्या भाषेत सांगितलेलं असतं. त्याच्याजवळ खर्चाविषयीचं ज्ञापन असतं, आणि कुठल्या कलमांखाली नियम करण्याचे अधिकार शासनाने स्वतःकडे ठेवले, ते सांगणारं दुसरं. हे दुसरं लांबलचक असेल तर समजावं की खरा कायदा नंतर, नियमांत लिहिला जाणार आहे. विधेयकं, रोजचा कामकाजाचा क्रम आणि प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात.

विधेयकाचा प्रवास पुस्तकात सोपा दिसतो: मांडणं, विचारात घेणं, कलमवार मंजुरी, दुसरं सभागृह, राज्यपालांची सही, राजपत्र. व्यवहारात मांडलं त्याच आठवड्यात मंजूर, असंही होतं आणि तेव्हा बाहेरच्या माणसाला श्वास घ्यायलाही फुरसत मिळत नाही. सभागृह चालू नसेल तर सरकार अध्यादेश काढतं आणि विधेयक मागाहून आणतं. लोकांना शिरकाव मिळतो तो विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं तर. विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर 2024 मध्ये असंच समितीकडे गेलं. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, मसुद्यात काही बदल झाले आणि जुलै 2025 मध्ये ते मंजूर झालं. विरोधकांचं समाधान झालं नाही, हे खरं. तरी समिती नसती तर तेवढेही बदल झाले नसते. म्हणून एखादं विधेयक आपल्याला नडणारं दिसलं, तर आमदाराकडे पहिली मागणी ‘हे समितीकडे पाठवा’ हीच करावी.

‘हे खरे आहे काय?’

कायदा करवून घेणं ही वर्षानुवर्षांची लढाई आहे. प्रश्न विचारवून घेणं तुलनेने सोपं, आणि कुटुंबाच्या हातातलं सगळ्यांत धारदार हत्यार तेच. म्हणून इथे जरा जास्त थांबू.

आमदाराच्या कचेरीत रोज निवेदनांचा ढीग पडतो. ‘आमच्या गावातील ऊसतोड कामगारांच्या समस्यांकडे शासनाने लक्ष द्यावे, ही नम्र विनंती.’ असं निवेदन देताना फोटो निघतो, शिफारसपत्र मिळतं, आणि विषय संपतो. कारण त्यातून प्रश्न तयार होत नाही. विधिमंडळाच्या तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला आहे: पहिल्या भागात एक विधान आणि शेवटी ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास’ करून चौकशी केली काय, काय आढळलं, काय कारवाई केली, आणि अखेरीस ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आपलं निवेदन याच साच्यात लिहून न्यावं. आमदाराच्या स्वीय सहायकाचं अर्धं काम होतं आणि कागद ढिगातून वर येतो.

उदाहरण घेऊ. तालुक्यात मुलींचं वसतिगृह मंजूर आहे, पण जागा पुरत नाही. तर असं लिहावं: ‘(1) अमुक तालुक्यातील संत भगवानबाबा मुलींच्या शासकीय वसतिगृहात गेल्या हंगामात प्रवेशासाठी अर्ज केलेल्या ऊसतोड कामगारांच्या मुलींपैकी काहींना जागेअभावी प्रवेश मिळाला नाही, हे खरे आहे काय? (2) असल्यास, मंजूर जागा, आलेले अर्ज व दिलेले प्रवेश यांची संख्या किती? (3) वसतिगृहासाठी स्वतःची इमारत बांधण्याबाबत कोणती कार्यवाही केली? (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ सोबत नाकारलेल्या अर्जांच्या पोचपावत्या आणि जीआरची प्रत. पोच नसेल तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर आकडे मागावेत. 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पुराव्याशिवाय प्रश्न गेला तर ‘हे खरे नाही’ एवढ्या तीन शब्दांत विभाग तो निकालात काढतो आणि पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं उत्तर येतं. चांगल्या तयारीच्या प्रश्नाला ‘हे अंशतः खरे आहे’ असं उत्तर येतं, आणि तेवढ्या कबुलीवर पुढचं सगळं उभं राहतं.

तारांकित प्रश्न सभागृहात पुकारला गेला तर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. घाईचा, जिवावर बेतलेला विषय असेल तर लक्षवेधी सूचना. विधानसभेत ती नियम 105 खाली येते, परिषदेत 101 खाली. मंत्री लक्षवेधीवर जे बोलतात त्यात ‘करू’, ‘तपासून घेऊ’, ‘महिन्याभरात निर्णय घेऊ’ असे शब्द असतात. ते शब्द आश्वासन म्हणून नोंदले जातात आणि ते पाळलं की नाही हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. मंत्र्याने काय कबूल केलं, ते तारखेनिशी लिहून ठेवणारं माणूस गावात एक तरी हवं. विनंती अर्ज समिती नावाची आणखी एक वाट आहे. आमदारामार्फत सभागृहाला अर्ज सादर करायचा आणि समिती विभागाला बोलावून विचारते. वाट संथ आहे, पण गर्दी कमी. महिला व बालकल्याण, विमुक्त जाती-भटक्या जमाती अशा समित्या जिल्ह्याच्या दौऱ्यावर येतात, तेव्हा विश्रामगृहावर जाऊन त्यांच्या हाती थेट कागद देता येतो.

आमदार कुठला? बीड जिल्ह्यातून विधानसभेवर सहा जण जातात: गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी. आपला एकच, अशी समजूत करून घेऊ नये. फड ज्या तालुक्यात असतो तिथल्या आमदारालाही हा प्रश्न लागू आहे. फडाजवळच्या खोप्यांना पाणी, संडास आणि पोरांना अंगणवाडी त्याच्याच हद्दीत द्यायची असते. तिथे आपलं मत नाही, ही अडचण आहेच, आणि साखर कारखानदारीतले बरेच पुढारी स्वतःच सभागृहात बसलेले असतात, हीदेखील. म्हणून परिषदेचं दार महत्त्वाचं. 2019 चा प्रश्न परिषदेत गाजला, हे विसरू नये.

हंगाम आणि अधिवेशन

आता खरी मेख. राज्याची अधिवेशनं तीन: फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्पी, जून-जुलैत पावसाळी, ही मुंबईत, आणि डिसेंबरात नागपूरला हिवाळी. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेला कोयता दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतो आणि मार्च-एप्रिलात पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परततो. म्हणजे तीनपैकी दोन अधिवेशनांना कामगार फडात असतो. एक दिवस गेला तर खाडा कापला जातो. नागपूरला कोण जाणार? मतदानाचंही तेच. 2024 च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला झालं, तेव्हा कितीतरी टोळ्या निघून गेलेल्या होत्या.

याला उपाय कामाची वाटणी. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्याव्या लागतात. त्यामुळे पावसाळी अधिवेशनासाठीचं निवेदन मे महिन्यातच, गावी परतल्या परतल्या आमदाराकडे जायला हवं. जुलै उजाडला की उशीर झाला. हिवाळी अधिवेशनासाठी कागद सप्टेंबर-ऑक्टोबरात तयार हवेत. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. रिवाजाच्या तारखा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. त्यांतल्या जानेवारीच्या सभेला गाव रिकामं असतं, बाकीच्या तीन आपल्या. गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी ती. तेवढी माणसं ऊसतोडीच्या एका वस्तीतूनही निघतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, आणि दवाखान्याचा, संडासाचा, लेकीच्या वसतिगृहाचा विषय तिथेच नीट बोलला जातो. ठरावाने विधिमंडळ बांधलं जात नाही. पण ठरावाची प्रत म्हणजे सहीशिक्क्याचा कागद, आणि प्रश्नासोबत तो जोडला की ‘हे खरे नाही’ म्हणणं अवघड जातं.

हंगामात माग ठेवायचं काम मागे राहणाऱ्यांचं: म्हातारी माणसं, वसतिगृहातली मुलं, अंगणवाडी ताई, शिक्षक. कामकाज मोबाइलवर थेट पाहता येतं, पण दिवसभर बघत बसायची गरज नाही. आदल्या दिवशी कामकाजाचा क्रम पाहायचा, आपला विषय असेल तेवढाच भाग ऐकायचा आणि उत्तराची प्रत फडावरच्या माणसाला पाठवायची. प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्याही येतात; महामंडळाला किंवा वसतिगृहांना त्यात काय मिळालं, ते एका ओळीत कळतं. वर्षभरात घोषणांपेक्षा ही एक ओळ जास्त खरं बोलते.

न्यायालयाची वाटही बंद नाही. मार्च 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या हालांवरचा वृत्तपत्रातला लेख वाचून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. पण न्यायालय कायदा लिहून देत नाही. तो सभागृहातच व्हायचा आहे.

शेवटी एक काम घरच्या शिकलेल्या लेकरांसाठी. बीड जिल्हा विधान परिषदेच्या औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघात येतो. मागची निवडणूक डिसेंबर 2020 मध्ये झाली आणि सदस्याची मुदत सहा वर्षांची असते. या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला कोऱ्या पाटीवर नव्याने होते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे ते आपोआप येत नाही. पदवी मिळून तीन वर्षं झालेल्या ऊसतोड घरातल्या मुलामुलींनी नमुना 18 भरून तहसीलमध्ये द्यावा आणि पोच घ्यावी. मतदारसंघ आठ जिल्ह्यांचा असला तरी त्यातले मतदार विधानसभेच्या मानाने फार थोडे असतात, त्यामुळे एका तालुक्यातले पाचशे नवे पदवीधर तिथे उमेदवाराच्या लगेच डोळ्यांत भरतात.